पाचवी मात्रा

गुदैबियात शिंप्याच्या दुकानावर जिना संपतो
तिथं दर गुरुवारी रात्री साडेआठला
मी माझे पाय घेऊन जातो.
बावन्न वर्षांचे आहेत,
लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून उतरून
चौकोनी झालेले.

मारिसेल दिवसा दातांच्या दवाखान्यात असते,
म्हणूनच असेल, चूक अशी उपटते की
कळ नंतर येते.
एक दोन तीन, चार गिळायचा, म्हणते.
पाच सहा सात, आठ गिळायचा.
आणि मी पाचावर थांबतो.
दर वेळी पाचावरच.

तिला कुठल्या भाषेत सांगू
की आरवलीच्या भजनात सतरा वर्षं
केरवा वाजवलाय या हातांनी,
धा गे ना ती,
आणि पाचवीला खाली.
तिथं डग्गा मुका. हात वरच्या वर.
तो वर राहिलेला हात आता पायात आलाय
आणि टेकायला तयार नाही.

रुवंतीच्या अंगठ्यावर तीनदा पडलो.
पुढच्या गुरुवारी ती बंद बूट घालून आली.
बोलली काहीच नाही.

ढकलू नकोस, मारिसेल म्हणते, सुचव.

सुचव.
घरी फोनवर मी सांगतो :
पैसे टाकलेत, पत्रे बदलून घे, पंप बघून घे.
तिकडून हो येतं.
सुचवल्याचं एकही आठवेना.

सोमवारी हूरातल्या चौदा मजली इमारतीत
‘दुरुस्ती चालू’ची पाटी लावून
सहा आणि सातच्या मधे लिफ्ट थांबवली.
तीन भिंतींना आरसे.
तीन मी, तिघंही घामेजलेले,
तिघांच्या खिशात पाना,
तिघंही पाचावर अडलेले.

दाराचा डोळा पुसायचा राहिला होता.
फडकं नुसतं जवळ नेलं
तर दार मागे सरलं.
शिवलो नव्हतो मी त्याला.
वीस वर्षं हे डोळे पुसतोय,
हात पोचायच्या आधी काहीतरी पोचतं
हे माझ्याच धंद्यातलं.

मग टाकला पाय. पाचावर.
दोरांवर टांगलेली अख्खी पेटी
टाचेखाली जराशी झुलली,
आणि माझी कंबर,
जी आजवर फक्त पट्ट्यासाठी होती,
तिच्यामागून गेली.

वरून उम्म जासिमनं दार बडवलं.
रफीक! किती वेळ?
खमसा, मी ओरडलो, खमसा दकीका!
आणि पुन्हा एक दोन तीन.
पाच मिनिटांची वीस झाली.
भाजीच्या पिशव्या घेऊन ती सात मजले उतरून गेली असणार,
नाहीतर चढून. विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी तिच्या दारासमोरचा दिवा
फुकटात बदलून दिला.

या गुरुवारी रुवंती
पट्ट्यांच्या सँडल घालून आली,
नखांना लाल रंग.
मी हात पुढे केला, नुसता जवळ नेला.
ती वळली.
एक दोन तीन. पाच.
पाच!

सहाला चुकलो.