वीस ग्रॅम

एनेबिश म्हणजे ‘ही नव्हेच’.
दोन लेकरं गेल्यावर तिसरीचं नाव असं ठेवतात इकडे,
म्हणजे शोधत आलेल्यानं उंबऱ्यातूनच मागे फिरावं:
ही नव्हे का? मग घर चुकलं.

मी या खोऱ्याची नर्स, दुलामसुरेन.
मोटरसायकलला मागे बांधलेला ताणकाटा, कॅनव्हासची झोळी,
आणि वाळूनं कुरकुरणारी तक्त्यांची फाईल.
वसंतात गोबीकडून धूळ येते, ती अक्षरांतही बसते.

गेरमध्ये शिरले तेव्हा आजी चुलीशी.
पाळण्यावर नमद्याचा कोल्हा टांगलेला, राखणीला.
“उघडी करा पोरीला,” मी म्हटलं.
“दुपट्यासकट मोजली तर थंडीचंही वजन येतं.”

बत्तोगतोखनं आणि त्याच्या भावानं दांडा खांद्यावर धरला,
झोळीत पोर लटकली,
काटा थरथरला, तिच्याबरोबर रडला, मग थांबला.

“आकडा मोठ्यानं बोलू नकोस,” आजी म्हणाली.
मी बोलत नसतेच. मी फक्त ठिपका देते.

जन्माचा ठिपका, दोन हजार नऊशे.
दुसरा महिना, तिसरा,
रेघ कशी टेकडी चढणाऱ्या शेळीसारखी.
आणि आज चौथ्याला ती शेळी
चढता चढता उभीच राहिलेली.
अख्ख्या महिन्यात वीस ग्रॅम.
सुकवलेल्या दह्याचे दोन खडे.

एका ठिपक्यानं काही ठरत नाही, हे मला ठाऊक आहे.
परवा ताप असेल, आज पोट रिकामं असेल,
माझाच काटा वाटेतल्या खड्ड्यांनी आडमुठा झाला असेल.
म्हणून पुन्हा मोजली. वीसच.

नारमंदाख, तिची आई,
पहाटेपासून शेळ्या विंचरते.
हातांना लोकरीचा तेलकट वास, अंगावरचं दूध
संध्याकाळपर्यंत दगड होऊन उतरून गेलेलं.
दुपारी आजी पोरीला पिठाची पेज पाजते, पातळ,
प्रेमानं पाजते, ते मी पाहिलंय.

“बारीक आहे तर आहे,” आजी म्हणाली.
“वीस ग्रॅम म्हणजे काय गं? चिमूटभर.”

तेव्हा दाराशी रचलेल्या लोकरीच्या गोण्यांकडे बोट करून
मी एवढंच विचारलं:
काल व्यापाऱ्याशी पन्नास ग्रॅमवरून
तासभर कोण भांडत होतं?

चुलीतलं शेण तडतडलं.
बत्तोगतोखनं दांडा खाली ठेवला,
आणि बराच वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मी सांगितलं ते साधंच होतं.
पेज आत्ता नको, सहा महिन्यांपर्यंत नको.
मागेल तेव्हा अंगावर, रात्रीही.
आईच्या पुढ्यात भरलेली वाटी, जरा जास्तच.
पंधरा दिवसांनी मी येईन, त्याआधी पोर मलूल झाली
तर माझी वाट बघत बसू नका, थेट गावच्या दवाखान्यात.

परत गेले तेव्हा वारा इतका, की मोटरसायकल ढकलत नेली.
शेळ्यांच्या कळपात वाकलेली पाठ आजीची होती.
लोखंडी फणी धरून, शेळीला शिव्या देत.
आत नारमंदाख आडवी, कुशीत पोर,
घोट गिळल्याचा आवाज, मध्येच थांबून पुन्हा.

दांडा, झोळी, काटा.
या वेळी पोर रडली नाही, माझ्या कानातल्याकडे बघत राहिली.

आजी हात पुसत आत आली.
विचारायचं होतं, विचारता येत नव्हतं.
चांगलं बोललं की ऐकणारे ऐकतात.
मी कपाळाला आठ्या घातल्या. म्हटलं,
“काय ही कुरूप पोर! बघवत नाही.”

आजीच्या तोंडातला एकुलता दात चमकला.
आवाज अगदी खाली आणून, कोल्ह्यालाही ऐकू जाऊ नये असा:
“किती कुरूप?”

“तीनशे सत्तर,” मी तिच्या कानात म्हटलं.

मग ठिपका दिला. रेघ जोडली.
कागदावरची धूळ फुंकली, ती तशीच राहिली थोडी.
पुढचं घर दोन तासांवर, तिथे जुळी आहेत.