त्रेचाळीस विळ्या

चुरीकाका विळी घेऊन आले,
रद्दी पेपरात गुंडाळलेली, वर सुतळीच्या दोन गाठी.
फोर्टातला आमचा तिसरा मजला, लिफ्ट बंद.
धाप लागली होती, तरी पाणी नंतर,
आधी विळी.

फरशीवरच उकिडवे बसले.
पाय ठेवला, पातं उभं.
पाय उचलला, पातं आपोआप आडवं, लाकडाच्या पोटात.
"सुनेचा अंगठा कापला होता," म्हणाले.
एवढीच प्रस्तावना.

मी शोध घेऊन ठेवला होता.
नागदेवी स्ट्रीटला, धूळ बसलेल्या खोक्यात,
एक घडीची विळी निघाली,
पण तिचा खटका हातानं लावायचा.
एका जर्मन कागदात स्प्रिंग होती, पाय नव्हता.
म्हणजे वाट मोकळी.
फॉर्म भरता भरता सवयीनं विचारलं,
"कुठे विकली नाहीत ना?"

"विकली नाही?"
शर्टाच्या खिशातून बिलबुक आलं.
"त्रेचाळीस! लालबागला एकाच दुकानात सोळा.
दोन वर्षं झाली.
गिरगावात तर एका लग्नात रुखवतात मांडली होती,
लोक वाकून वाकून बघत होते, बाई."

माझं पेन थांबलं.
नागदेवीची आड आली नाही,
जर्मनीची आली नाही,
त्यांची त्यांनाच आडवी गेली.
कायदा विचारतो, आधी होतं का?
कुणाचं होतं, ते विचारत नाही.

सांगितलं.
बिलबुकाचा कोपरा दुमडत, उलगडत राहिले.
"म्हणजे लपवून ठेवली असती तर नवी राहिली असती?"
"हो."
"आणि सुनेनं खोबरं कशावर खवायचं?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं.

"त्यानंतर काही बदललंत?"
"बिजागरी. ओला पाय सटकायचा,
म्हणून खिळा तिरका घेतला, मागच्या रविवारी.
घरातसुद्धा दाखवली नाही अजून."
"पण ते असं हवं काका,
की त्या कामातल्या कसबी माणसालाही
सहज सुचलं नसतं."

आता मात्र हसले.
"त्या कामातला कसबी माणूस मीच की.
मला सहज सुचलं.
म्हणजे, अकरा महिने लागले,
पण सुचलं ते सहज."

मी अकरा महिने लिहून घेतले.
सहज गाळलं.

निघताना त्यांनी विळी पुन्हा गुंडाळली.
या खेपेला गाठी तीन,
आणि जिन्यात कुणीतरी "काय आहे हो?" विचारलं तेव्हा
"काही नाही," म्हणाले,
"जुनीच आहे."