घासवाला

बंडगार्डनकडून नदीला वळणाऱ्या रस्त्यावर
त्या बंगल्याचं फाटक अर्धंच उघडतं.
जिन्याच्या वर सेठ एरचशा दोराबजी घासवाला,
सहा फूट बाय चार, सोनेरी चौकट वाळवीने हलकी झालेली.
सन १८८४. काळी पगडी, पांढरा डगला,
एक हात खुर्चीच्या सिंहावर,
दुसरा डगल्याच्या आत.

पेरीनबाई म्हणतात, दुसरा काही मोडलाबिडला नव्हता हं.
विलायती चितारी हातांचे पैसे वेगळे लावायचा.
सेठने एकाचेच दिले.

खडकीच्या पलटणीचे घोडे खायचे
ते सगळं गवत यांचं. गंजीवर गंजी.
त्यातूनच बंगला, पियानो, झुंबरं,
आणि हे आडनाव, जे पुढच्या दोन पिढ्यांनी
खोडून बघितलं, पण कागदपत्रं ऐकेनात.

मी शिडीवर. कापूस, काडी, थुंकी.
हसू नका. वरची काजळी इतक्या हळुवारपणे
दुसरं काहीच काढत नाही, शिकवतात तसं.
पहिल्या दिवशी कपाळ, दुसऱ्या दिवशी गाल.
याच गावात एके काळी आमच्या थुंकीला
गळ्यात मडकं लागायचं म्हणतात.
मी बोळा जिभेवर फिरवते
आणि सेठच्या भुवया पुसते, पापण्या, ओठांचे कोपरे.
तो काही बोलत नाही.
नाकाच्या शेंड्यावर माशीचा एक ठिपका आहे,
तो मात्र निघता निघत नाही.

खांद्यामागे खिडकी.
पेरीनबाईंच्या लहानपणापासून ती विलायत होती:
धुकं, तपकिरी झाडं, लांबवर कुठलंसं चर्च.
वार्निशला थुंकी पुरत नाही. औषध, नाकाला फडकं.
बोळा पिवळा, मग चहासारखा, मग काळा.
गुरुवारी साडेतीनच्या सुमारास धुकं उतरलं
आणि चर्चची चतुःशृंगी झाली.
खाली कुरण, कमरेएवढं, दिवाळीनंतरचं,
आणि कुरणात पाच लाल ठिपके.

डाग आहेत काय? खालून आवाज. काढता येतील?

भिंग लावलं.
एकेक ठिपका म्हणजे एकच फटकारा,
रंग ओला असताना मधे वाकवलेला.
लुगडी. तोंडं नाहीत.
विळे आहेत, नखाच्या कडेएवढी पांढरी रेघ,
गवताच्या बुडाशी, अधांतरी.
धरलेत कशाने, ते काढलेलं नाही.

नाही, म्हटलं, हे रंगातलंच आहे.

पेरीनबाई कठड्याला धरून पाच पायऱ्या चढल्या,
चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
आपलीच माणसं असतील, म्हणाल्या,
आणि थांबल्या.
मीही थांबले. खाली कुकरची शिट्टी झाली.

संध्याकाळी बिल लिहिलं:
काजळी. वार्निश. चेहरा. खिडकी.
माशीच्या ठिपक्याचे काही लावले नाहीत.
मग थोडी जागा सोडून, वेगळ्या ओळीत,
हात.