नावातला ळ

सावद्याजवळच्या पॅकहाऊसमध्ये
मी केळ्यांचे कागद करते.
फण्या सुटून टाकीत पडतात,
बायका तुरटीच्या पाण्यातून हात काढून पदराला पुसतात,
आणि माझा फोन वाजतो.
दुबईच्या गोदामातला साहेब, मूळचा लिव्हरपूलचा.
"बाखुला?" म्हणतो, क घशात खरवडून,
जणू माझं नाव त्याला कालपासून अडकलंय.

नाव बकुळा फेगडे.
दहावीच्या मार्कशीटवर बी ए के यू एल ए.
शिकागोची विमावाली ते वाचते
आणि ड्रॅक्युलाची धाकटी बहीण उभी राहते: बॅक्युला.
ऑकलंडचा तपासनीस मार्चमध्ये आला होता,
बेचाळीस डिग्रीत, टोपी भिजवून.
त्याच्या तोंडी बेकुला. दोन दिवस मी खारी-टोस्टसारखी वावरले.
लंडनची बाई सभ्य. पण माझ्या नावापुढे स्वर आला
की मध्ये एक र बसवते,
एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा बसवावा तसा.
"बाकुलर इज ऑन द लाइन."

मग मीच फैजपूरला कार्डं छापून आणली,
पहिल्या ए-च्या जागी यू.
लंडनची बाई पहिल्या फटक्यात ब म्हणाली, चोख.
पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.
दुपारी लिव्हरपूल: "बुखुला?"
शंभर कार्डं. चारशे रुपये.

पासपोर्टवर एल दोन आहेत.
एजंटला विचारलं, हा दुसरा कशाला?
म्हणाला, ताई, ळ जड असतो ना.

तर ळ कुणालाच येत नाही,
असं मी हसून सांगत असे, चहाबरोबर.

त्या रात्री कंटेनर बंदरात अडकला होता.
जहाज कंपनीचा नवा माणूस, आयर्लंडमधल्या कॉर्कचा,
पेट्यांचे आकडे घेता घेता थांबला.
"मी तुमचं नाव चुकतोय. घरी काय म्हणतात?"

घरी.

घरी ळ नव्हताच.
शाळेची शाया, डोळ्याचा डोया,
जळगावला जाणारी गाडी जयगावला जायची
आणि वेळेवर पोचायची.
चौथीत साताऱ्याहून आलेल्या गुरुजींनी
एका शायेपायी पट्टी उभी धरून मारली.
त्या दिवसापासून माझ्या नावात ळ आहे.
आई तरी खळ्यातून ओरडायचीच,
"बकुये, ये व जेवाले!"

आई आता भावाकडे असते, पिंपरीला.
नातवंडं हसतात म्हणून
फोनवर जीभ वळवून, जपून,
बकुळा म्हणते. चुकत नाही.

सांगू की नको.
समोरच्या कागदावर तापमान साडेतेरा, पेट्या एक हजार पाचशे चाळीस.
मी म्हटलं, बकुया.

तो म्हणाला, बकुया.

जसंच्या तसं. ना उसना र, ना खरवड.
त्याला काय, साधा य होता,
त्याच्याही तोंडात जन्मापासूनचा.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
पुढचा आकडा मी चुकीचा सांगितला.
त्याने दुरुस्त केला,
पुन्हा नाव घेऊन.