बाद कागद

बाबा छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते.
कोरा कागद मोजायचे.
सुटताना गेटवर झडती, खिसे उलटे,
म्हणून आमच्या घरात कागद म्हणजे
जपून हात लावायची गोष्ट.
पतंगसुद्धा मी विकतचाच उडवला.

आणि आता त्याच घराच्या गच्चीवर, जेलरोडला,
धुण्याच्या टबात मी कागद कुजवतेय.

ऋजुताचं केळवण. आमचं, मैत्रिणींचं,
मावश्या-काकवांची चौदा होऊन गेल्यावरचं पंधरावं.
नाझनीन म्हणाली, फोनवर कार्ड पाठवू, दोन मिनिटांचं काम.
ऋजुता तेव्हा काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन आली.
याचं कर, म्हणाली.

पिशवीत तिचेच बायोडेटा.
अकरा वर्षांचे. परत आलेले, पाठवायचे राहिलेले,
झेरॉक्स मारून उरलेले,
आईच्या कपाटात साड्यांखाली सपाट ठेवलेले.
उंची पाच फूट एक. पुढच्या वर्षी पाच दोन.
वर्ण आधी गव्हाळ, मग निमगोरा,
मग त्या ओळीवर नुसताच व्हाइटनर.
अपेक्षा: अनुरूप.

फाडायला चौघी बसलो.
पहिला तिनं फाडला, हळू, घडीवरून,
जणू परत लागेल.
दुसऱ्यापासून हात सुटला.

रात्रभर भिजत. सकाळी भद्रकालीतून आणलेला जुना मिक्सर
(आईनं घरचा दिला नाही, चटणी कशात वाटू म्हणाली).
कांद्याची सालं उकळून त्याचं पाणी,
लासलगावची, अंबिकाच्या भावाच्या चाळीतली, पोतंभर फुकट.
रंग आला तो ना गुलाबी ना तपकिरी.
निमगोरा, नाझनीन म्हणाली,
आणि हसता हसता अंबिका टबात पडायची राहिली.

जुन्या फोटोची चौकट, मच्छरदाणीचं जाळं.
लगदा उचलायचा, हलवायचा नाही, पाणी गळू द्यायचं,
मग सुती साडीवर पालथा.
पहिले तीन विरले. चौथ्याला भोक.
पाचव्यात एक अक्षर विरघळलंच नव्हतं: रू.
सातव्यात अर्धी जन्मवेळ, पहाटे चार वाज
आम्ही ते काढलं नाही.

फेब्रुवारीचं ऊन. खालून क्रेट भरलेले द्राक्षांचे टेम्पो.
खिडकीच्या काचेवर एकेक कागद,
वाळला की आपणहून सुटून यायचा,
कडा वाकड्या, पाठ खरखरीत.

मजकूर ऋजुतानंच लिहिला:
आमच्या येथे कुणाच्याही कृपेशिवाय
मी लग्न करतेय,
नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजताना
दर वेळी चुकणाऱ्या माणसाशी.
त्याआधी शनिवारी, गंगापूर धरणाकडच्या मळ्यात जेवायला ये.
आहेर नको. नवरा नको. मुलं झोपवून ये.
द्राक्षाचा रस मिळेल.
(रस हा शब्द अंबिकाचा. तिचं कार्ड आधी सासूच्या हाती पडणार.)

संध्याकाळी बाबा वर आले.
काही विचारलं नाही. चष्मा सारखा केला,
अंगठा ओला केला, गठ्ठा उचलला,
ठोकून कडा जुळवायला गेले.
कडा जुळेनात.
तरी मोजले.

अकरा, म्हणाले. आणि बाद?

बाद?

बाद कागदही मोजायचा असतो.
तो हिशेबात आल्याशिवाय गेट उघडत नाही.

शोधला. टबामागे चिकटून होता,
जाड एकीकडे, एकीकडे पार पातळ,
आत एक लांब केस अडकलेला.
अंबिकाचे केस आखूड. म्हणजे तिघींपैकी कुणाचा तरी.

ऋजुतानं तो घेतला.
त्यावर काही लिहिलं नाही.
घडी न घालता पर्समध्ये ठेवला
आणि निघताना जिन्याशी, बाबांसमोर थांबून,
पर्स उघडून धरली.

बाबांनी आत पाहिलं.
जा, म्हणाले.