तुडूम

लाखांदूरच्या स्टँडमागे, खताच्या दुकानाला चिकटून
दुधराम नाकाडे यांचा फोटो स्टुडिओ.
पासपोर्ट, हळद, बारसं, झाडीपट्टीतल्या नाटकांची पोस्टरं.
मी पहिल्यांदा गेले तेव्हा लेन्सवरचं धानाचं कूस
ते फुंकरीनं उडवत होते, बोट न लावता.
पहिला धडा तोच असणार. सांगितला मात्र नाही.

म्हणाले, "तलाव पायला ना तुह्या गावचा?
पारीतलं तुडूम ठाव हाये?
मंग अर्धं शिकली तू."

तुडमाचं तोंड किती उघडलं, ते अ‍ॅपर्चर.
किती वेळ उघडं ठेवलं, ते शटर.
खालची बांधी किती तहानलेली, तो आयएसओ.
पाण्याच्या जागी उजेड धर.
बांधी भरावी आणि धुरा फुटू नये,
एक्स्पोजर म्हणतात ते एवढंच.

आकड्यांपाशी मी अडले.
दोन म्हणजे मोठं भोक, सोळा म्हणजे बारकं.
असं कसं?
त्यांनी टेबलावर रुपया ठेवला.
"दोघांत वाट. किती आला?"
आठ आणे.
"सोरा जनांत?"
एक आणा.
"मंग?"
आणि रुपया उचलून पुन्हा गल्ल्यात.

मूठ वळून तिच्या फटीतून बघायला लावलं.
समोरच्या दवाखान्याची पाटी
मला चष्म्याविना वाचता आली.
बारक्या भोकातून जवळचं, दूरचं सगळं चोख.
मोठ्यातून एकच डोळा लख्ख
आणि मागची धानाची रास धुक्यात गेलेली.

निळ्या ताडपत्रीच्या मांडवात
नवरीची हळद हिरवी आली, तो दिवस व्हाइट बॅलन्सचा.
माझ्या तळहातावर मूठभर तांदूळ.
"क्यामेऱ्याले दाखव. सांग, बाबू, पांढरं मंजे हे."
तांदूळ जुना होता, जरा पिवळट.
नवरी थोडी निळसर गोरी निघाली.
सासरच्यांनी तोच फोटो मोठा करून नेला.

ठगाबाई मोहुर्लेची मान हलायची.
सतरा वर्षं, कोणी काही विचारलेलं नसताना
नाही, नाही, म्हणत असल्यासारखी.
निराधारच्या फॉर्मला फोटो हवा होता
आणि बाबूनं दोनदा परत पाठवलेला:
चेहरा दिसत नाही.

दुधरामभाऊ नाटकाच्या फोटोंसाठी वडशाला.
कॅमेरा माझ्या गळ्यात.
छपरीत सांज उतरत होती.
नातसुनेनं आणि शेजारच्या पोरानं
मागे पांढरं धोतर ताणून धरलं.
पहिल्या फोटोत
एकाच लुगड्यात तीन ठगाबाया.

शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं. काळोख.
तुडूम सताड उघडलं. तरी काळोख.
तहान वाढवली, आठशे, सोळाशे, बत्तीसशे,
फोटोभर कोंडा उडाला. उडू दे.
हलू नका, असं मी म्हटलं नाही.
एका नाहीच्या शेवटी, दुसरी सुरू व्हायच्या आधी
मान टेकते क्षणभर,
परतायच्या आधी झोका टेकतो तशी.
तिथं बोट दाबलं.

तिनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला.
मानेबरोबर तोही हलू लागला.
"हे कोन वो?"
तुम्हीच.
"थांबून हाये."
मग बराच वेळ काही नाही.
नातसून दिवा लावायला उठली
तेव्हा म्हणाली,
"आरशातली नाई थांबत वो कवाच."

बाबूनं फोटो घेतला, कोंड्यासकट.

त्या आठवड्यात कार्ड भरलं.
हाललेले पुसून टाक, दुधरामभाऊ म्हणाले.
मी नवरीचे दोन चोख फोटो पुसले.
तीन ठगाबाया आहेत अजून,
नाही, नाही, म्हणत.