चौदा फूट

तोलघराच्या भिंतीला टेप लावला
तेव्हा आतून दोन पारवे उडाले
आणि बसाप्पा म्हणाला, "बाई, शून्य कुठनं धरायचं?"

भिंतीपासून धरलं तर रस्ता वाकडा,
रस्त्यापासून धरलं तर भिंत पुढं आलेली.
शहापुरात कुणी ना कुणी पुढं आलेलंच असतं.
शेवटी उंबऱ्याच्या मध्यावर खडूनं फुली मारली
आणि तिथनं जग मोजायला घेतलं.

कमानीवर तराजू कोरलाय.
त्याचं डावं पारडं गुळगुळीत झालंय,
पोरं त्याच्यावर पाय देऊन पतंग काढतात.
अहवालात मी लिहिलं: किरकोळ झीज.

थांब्याच्या पाटीवर कुठली लिपी वर,
ह्यावर साहेबांच्या खोलीत दीड तास गेला,
दोनदा चहा आला.
मी खाली येऊन पायरीवरच्या बायकांना विचारलं,
ह्या जागेला काय म्हणता?
"तागडी," वडगावची एक म्हणाली, मांडीवर सुताचं गाठोडं.
"तक्कडी," शेजारची म्हणाली.
दोघी एकाच बसनं गेल्या.

पुण्याहून चित्र आलं होतं, संगणकात काढलेलं.
काचेचा थांबा, मागं उजळलेली कमान,
निळ्या पट्ट्यावर आवाज न करणारी बस,
फुगा घेतलेलं एक पोरगं, एक पांढरं कुत्रं.
चित्रातल्या एकाही माणसाच्या हातात ओझं नव्हतं.
सावल्या सगळ्या सकाळच्या.

नकाशात हिरवं म्हणजे लावायचं,
निळं म्हणजे बसचं,
लाल म्हणजे काढायचं.
लाल ठिपके अकरा.
सातवा मुजावरांचा कुलपं दुरुस्तीचा खोका,
नववा कलाव्वाची पाटी, बेळगुंदीची रताळी.
शाळेतनं येताना तिनं मला उकडलेलं रताळं दिलेलं,
पैसे नंतर दे म्हणून.
ते नंतर अजून व्हायचंय.

मे महिन्यात चारच्या सुमाराला
तोलघराची सावली जेमतेम पंधरा फूट पुढं येते.
बाक आखलेला सव्वीस फुटांवर,
कमान झाकू नये म्हणून, भर उन्हात.
मी तो चौदा फूट आत सरकवला.
कारणाच्या रकान्यात "सावली" लिहिलं असतं
तर फाईल परत आली असती.
लिहिलं: पावसाच्या पाण्याचा उतार.
हिरेमठ साहेबांनी चष्मा वर केला,
माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ,
आणि सही केली.

लाल ठिपके मात्र जागचे हलले नाहीत.
त्यांना उतार लागू होत नव्हता.
एका मंगळवारी गाडी आली, खोका उचलला,
मुजावर किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून
बराच वेळ निळ्या पट्ट्यावर उभे होते.
मागनं बस आली. त्यांना ऐकूच आली नाही.
ड्रायव्हरनं काच खाली करून हाक मारली,
"चाचा, सरा की."

आता चौक झालाय.
दगड धुतलेत, रात्री पिवळे दिवे लागतात,
लोक लग्नाआधीचे फोटो काढायला येतात.
परवा मी सहज गेले, चारला.
सावली होती तिथंच होती.
बाकाच्या टोकाला कलाव्वा,
आणि तिच्या पायामागं, बाकाखाली, पाटी.

रखवालदार नवा पोरगा, शिट्टी गळ्यात.
"इथं विकायचं नाही, आज्जी."
"कोण विकूलंय? बसची वाट बघूलोय."
"कुठली बस?"
"येईल ती."
"आत्ता गेली की एक."
"ती नव्हं."

शेजारी आणखी दोघी बसची वाट बघत होत्या,
एकीच्या पिशवीत दोन किलो.

बाकाखाली पाटी बसेल एवढी उंची
नकाशात मीच ठेवली होती, सतरा इंच.
कारणाच्या रकान्यात:
झाडायला सोपं जावं.